रुमालाखालचे दोन आकडे

धरणगावात माझा दवाखाना होता, तेव्हा माझ्या टेबलावर एक पांढरा रुमाल कायम घडी घालून ठेवलेला असे. नव्या माणसाला वाटे, डॉक्टर हात पुसत असतील. एकदा कंपाउंडरने तो बाटल्या पुसायला घेतला, तर मी इतका ओरडलो की बाकावरचा एक पेशंट औषध न घेताच निघून गेला. नंतर त्याने गावात सांगितलं, "डाक्टर चांगला शे, पन फडकाना मामलामा तापट शे."

तो रुमाल माझ्या स्टेथोस्कोपच्या बरोबरीचा होता. माझ्या कॉलेजातले प्रोफेसर हे ऐकून काय म्हणाले असते कोण जाणे. त्यांनी नळ्या, सुया, काचपट्ट्या सगळं शिकवलं. रुमाल मला बैलबाजारातल्या एका दलालाने शिकवला.

मी धुळे तालुक्यातल्या एका खेड्यातला. माझ्याआधी आमच्या घराण्यातला एकच माणूस शाळेत गेला होता, माझा काका. तोही कौलं चाळायला. त्यामुळे मी डॉक्टर होऊन आलो तेव्हा घरच्यांना काय वाटलं असेल, ते मी सांगत बसत नाही. मलाही कमी वाटलं नव्हतं. पाटीवर नावापुढे पदवी रंगवून घेतली आणि रोज सकाळी येता-जाता ती वाचत असे. वडील एकदाच दवाखाना पाहायला आले. खुर्चीवर बसले नाहीत, उभ्यानेच म्हणाले, "शिकी गया ते बरं व्हयनं. पन आपली बोली इसरू नको." तेव्हा मला ते जुन्या माणसाचं बोलणं वाटलं. पुढे कळलं की माझ्या औषधांच्या कपाटात नसलेलं एक औषध ते देऊन गेले होते.

देश स्वतंत्र होऊन थोडीच वर्षं झाली होती. तेव्हाची डॉक्टरकी आजच्या वाचकाला थोडी सांगायला हवी. बाटलीतलं औषध आम्ही दवाखान्यातच कालवायचो आणि बाटलीवर कागदाची कातरलेली पट्टी चिकटवायचो. पट्टीच्या एका खाचेएवढं औषध म्हणजे एक डोस. लोकांचा विश्वास आधी सुईवर, मग रंगावर. एका कास्तकाराला मी पिवळं औषध दिलं, तर तो म्हणाला, "शेजारीले लाल दिधं, मी काय कमी पडी गयू का?" शेवटी त्याच्या बाटलीत लाल रंगाचा थेंब टाकला. त्याला लगेच बरं वाटलं. मला मात्र जरा वाईट वाटलं. इतकं शिकून शेवटी रंगारीच झालो की काय!

मनाच्या दुखण्याला मात्र कुठलाच रंग नव्हता. आमच्या भागात त्याला दोनच नावं होती: बाहेरचं, नाहीतर नाटक.

एका दुपारी साठीच्या आतबाहेरची एक बाई दवाखान्यात आली. सगळे तिला अक्का म्हणत, मीही तेच म्हणू लागलो. बाकावर बसली आणि आपली पाळी आली तरी उठेना. सगळे गेल्यावर म्हणाली, "मनी तब्येत चांगली शे. दखाडानं ते आमना घरनासले शे."

तिच्या घरचे म्हणजे नाना. हे नाव मी ऐकून होतो. बैलबाजारात नानाचा शब्द चाले. मग अचानक त्याने बाजार सोडला एवढंच मला माहीत होतं. अक्काने पुढचं सांगितलं. नाना बोलत नाही, जेवत नाही. हाताची बोटं सुजलीत, सकाळी मूठ मिटत नाही. भगताने उतारा केला, वैदूने सांध्यांवर बिब्बा घातला, त्याच्या जखमा वेगळ्याच. आणि हल्ली मळ्यात जातो तो विहिरीच्या काठावर बसून राहतो.

"बलावं तरी उठतस नहीत," ती म्हणाली. "लोके म्हनतस, बजारनी लाज वाटस. डाक्टर, माले बजारनी लाज नही वाटस. माले विहीरनं भेव वाटस."

मी बॅग उचलली.

इथे बैलबाजाराची रीत सांगायला हवी, नाहीतर पुढचं कळणार नाही. बैलाचा सौदा चारचौघांत तोंडाने होत नाही. दलाल आपला रुमाल हातावर टाकतो, घेणारा किंवा विकणारा त्याखाली हात घालतो. दलाल त्याची जितकी बोटं मुठीत धरील तितका आकडा, म्हणजे तितके शंभर रुपये. सगळा पंजा धरला की पाच. वर दोघं हवापाण्याच्या गप्पा मारतात, खाली भाव चढतो-उतरतो. भोवती पन्नास माणसं उभी असली तरी एकालाही काही कळत नाही. ना कागद, ना साक्षीदार. म्हणून रुमालाखालचा हात खोटा निघाला, तर त्या माणसाचं बाजारात काही उरत नाही. त्याला म्हणतात, 'हात फिरवला'.

नानाने हात फिरवला असा बोभाटा झाला होता. चाळीसगावकडचे एक जुने व्यापारी होते, त्यांना सगळे आबा म्हणत. ते बैल विकत होते, त्यांच्याशी नानाने सौदा केला. रुमाल काढल्यावर नाना म्हणाला दोन, आबा म्हणाले तीन. आबा काही भांडकुदळ माणूस नव्हे, पण भर बाजारात बोलून गेले, "नाना, म्हातारपनमा हात फिराडा का रे?" नानाने रुमाल तिथेच बैलाच्या शिंगावर टाकला आणि घरी आला. मागे लोक होतेच बोलायला: बैलेसनी हाय लागनी नानाले.

मी गेलो तेव्हा नाना ओट्यावर भिंतीकडे तोंड करून बसला होता. मोठ्या हाडापेराचा माणूस, पण आतून कोणीतरी कापूस काढून घेतलेल्या गादीसारखा. बोटांचे सांधे दोन्ही हातांना सारखेच सुजलेले, मनगटं गरम. मी ओळखलं: आमवात. साधी सांधेदुखी नव्हे, हा वेगळा. हा आला की सहज जात नाही.

खात्री करायला त्याला धुळ्याच्या एका मोठ्या डॉक्टरांकडे नेलं. त्यांनीही तेच सांगितलं. कॉर्टिझोन नावाचं नवं औषध मुंबईत आलंय असं आम्ही ऐकून होतो, पण ते मिळायची मारामार, आणि थांबवलं की दुखणं दुप्पट उसळतं म्हणत. म्हणून ऍस्पिरिन, भाकरी खाल्ल्यावर, कान वाजू लागले की कमी करायची. सकाळी कोमट पाण्यात हात, मग बोटांची हालचाल. रात्री मनगट सरळ राहावं म्हणून सुताराकडून घासून घेतलेली फळी. मी विचारलं, "आणि त्यांचं मन?" मोठे डॉक्टर म्हणाले, "दुखणं उतरलं की मन आपोआप ताळ्यावर येतं."

सूज उतरू लागली. मनगटाचा गरमपणा गेला. नाना मात्र होता तिथेच. गावातले शहाणे येऊन सांगत, "नाना, मन घट्ट करा." जणू मन म्हणजे धोतराची गाठ! मोठे डॉक्टर म्हणाले शरीर बरं करा, गाव म्हणालं मन बरं करा, आणि माणूस दोघांच्या मधल्या फटीत बसलेला. विचारलं, "नाना, कसं वाटस?" की एकच उत्तर: "बरं शे." विहिरीकडे बघत 'बरं शे' म्हणणाऱ्या माणसाचं काय करायचं, हे कुठल्या पुस्तकात मला शिकवलं नव्हतं.

जाताना अक्का दाराशी हळूच म्हणाली, "एक सांगू? हात सुजाना आधी त्यासनं हासनं बंद व्हयनं." मी थांबलो. बाजारातला तो प्रकार नंतरचा, सूजही नंतरची. हसू त्याच्याही आधी गेलेलं. मग लाज हे कारण कसं?

पुढच्या वेळी नाना अक्काबरोबर दवाखान्यात आला. त्याच्या हातात किती जोर आलाय ते मला पाहायचं होतं. 'माझी बोटं दाबा' म्हटलं तर उगाच दाबल्यासारखं करायचा. मला काय सुचलं कोण जाणे. खिशातला रुमाल काढला, हातावर टाकला आणि म्हणालो, "नाना, एक बैल लेवाना शे. भाव बोला."

नानाने मान वर केली. मग त्याचा हात आपोआप रुमालाखाली आला, पाय जसे घरच्या वाटेला लागतात तसा. त्याने माझी बोटं धरली.

"तीन," मी म्हणालो.

"दोन," नाना म्हणाला.

"नाना, तीन शेत."

"दोनच धरेल शेत मी!" इतक्या दिवसांत त्याचा आवाज पहिल्यांदा चढला. अक्का दचकून उठली. मी दुसऱ्या हाताने रुमाल उचलला. नानाच्या सुजट मुठीत माझी दोन बोटं होती, आणि तिसरंही अलगद अडकलेलं. नानाचं जाड झालेलं एक बोट वाकतच नव्हतं, आणि शेंड्यांची जाण बोथट झाल्याने तिसरं आत आलंय हे त्याला कळलंही नव्हतं.

नाना त्या मुठीवर वाकला. मग म्हणाला, "म्हंजे मी खोटा नव्हतू."

"नही."

"मनं डोकं फिरी गयं आसं माले वाटे. दोन धरात का तीन, मनं मालेच कळेना."

इतके महिने तो हेच धरून बसला होता. लोक त्याला लबाड म्हणत होते. तो स्वतःला वेडा समजत होता आणि कोणाला सांगत नव्हता. मी रुमाल पुन्हा हातावर टाकला. दलाल तोंडाने भाव सांगत नाही, हे आता मला कळलं होतं. म्हणालो, "नाना, आते दोन सौदा. पहिला सांधासना. किती दुखस?"

त्याने दोन बोटं धरली. या वेळी नीट, जपून.

"आते दुसरा. मननं किती दुखस?"

अक्का समोरच बसली होती, पण रुमालाखालचं तिला दिसत नव्हतं. नानाने माझा सगळा पंजा धरला. आणि सोडेना. वर तोंडाने म्हणाला, "यंदा कपाशी बरी शे," आणि खाली माझा हात धरून बसला. मीही म्हणालो, "हा, बरी शे." बाहेर बाकावरचे लोक ताटकळले. त्यांना ताटकळू दिलं.

नंतर मी अक्काला आणि नानाच्या धाकट्या भावाला वेगळं बसवून सांगितलं: हा हट्ट नाही, नाटक नाही, बाहेरचं तर नाहीच नाही. आमवात हा आजार आहे तसा हाही आजारच, दोन्ही एकाच गाडीला जुंपलेले. नानाला एकटं सोडायचं नाही. मळ्यात गेला तर बरोबर कोणीतरी. आणि 'मन घट्ट कर' हे वाक्य या घरात बंद.

याचं स्पष्टीकरण तेव्हा मला आजच्याइतकं देता आलं नसतं. आता जाणकार सांगतात की हा शरीराने स्वतःवरच उलटण्याचा आजार. गावाने चोर पकडायला जागल्या ठेवावा आणि त्याने घरच्यांनाच बडवत सुटावं, तसं. त्या मारहाणीची धग सांध्यांपुरती राहत नाही, डोक्यापर्यंत पोचते. झोप, भूक, उमेद खाते. उलटही घडतं. मन खचलं, झोप उडाली की सांधे जास्त ठणकतात. प्रत्येकाला असं होतंच असं नाही. आधी कोण आणि मागून कोण, हेही दर वेळी सारखं नसतं. पण एका बैलाला चारा घालून दुसऱ्याला उपाशी ठेवलं तर गाडी चालत नाही, एवढं मला रुमालाखाली कळलं.

मनावर द्यायला माझ्याकडे गोळी नव्हती. दर आठवड्याला नानाने चालत दवाखान्यात यायचं आणि दोन आकडे सांगायचे, हे ठरलं. उरलेलं औषध अक्काने शोधलं. ती म्हणाली, "हात गयात, पन डोया ते शेत." म्हणजे बैल पारखायची नजर शाबूत होती. तिने गल्लीत गुपचूप निरोप दिला: बैल घ्यायचा असेल, विकायचा असेल, आधी नानाला दाखवा. लोक ओट्यापुढे बैल आणू लागले. नाना पहिल्यांदा मान फिरवायचा. मग एखादा शब्द: खांदा उतरेल शे. दात कोरेल शेत, म्हणजे वय लपवलंय. चाल दखाडा. पण बैल पुरेना, तेव्हा अक्काने एका शेजाऱ्याला कालचाच बैल पुन्हा आणायला लावला. नानाने त्याच्याकडे बघितलं, शेजाऱ्याकडे बघितलं.

"हाऊ बैल कालदिन बी दखाडा व्हता. याले बी मना वानी कामधंदा नही का?"

अक्का दुसऱ्या दिवशी मला हे सांगायला मुद्दाम आली. हसत होती आणि पदराने डोळे पुसत होती. "डाक्टर, आमना घरना बोलनात. टोमना मारा!" टोमणा मारल्याचा एवढा आनंद झालेली बाई मी दुसरी पाहिली नाही.

वाट सरळ नव्हती. बरा आठवडा, मग वाईट. एकदा आकडे आले सांध्याचा एक, मनाचा चार, आणि त्यानंतर चार दिवसांनी मनगटं पुन्हा गरम झाली. पुढे मी यावर लक्ष ठेवू लागलो: मनाचा आकडा चढला की झोपेची, जेवणाची, सोबतीची आधीच तजवीज करायची. पुष्कळदा सांधे त्या मानाने कमी चिडत. हे शास्त्र म्हणून सांगत नाही, एका गावातल्या डॉक्टरचा अनुभव म्हणून सांगतो.

मग एक दिवस नाना म्हणाला, "बजारमा जास." अक्काने माझ्याकडे पाहिलं. मी एवढंच म्हणालो, सकाळी नको, दुपार कलल्यावर जा, बोटं सुटी होऊ द्या. आणि पेशंट कंपाउंडरवर सोडून मीही मागे गेलो. खोटं कशाला सांगू, मला राहवलं नाही.

बाजारात बैल थोडे उरले होते, माणसं पुष्कळ. आबा एका खोंडाजवळ उभे होते. नाना सरळ त्यांच्यापुढे गेला आणि त्याने आपले दोन्ही पंजे उघडे करून त्यांच्यापुढे धरले. जो माणूस सारा जन्म हात रुमालाखाली ठेवत आला, त्याला ते उघड्यावर धरताना किती जड गेलं असेल, ते बघणाऱ्यांना कळत होतं. कोणी हसलं नाही.

"आबा, त्या दिन मना हात खोटा पडना. मी नही. हाई बोट वाकस नही, ते तिसरं मधमा उनं."

आबांनी ते बोट आपल्या हातात घेतलं, वाकवून पाहिलं, बैलाचा खूर बघावा तसं. मग म्हणाले, "आरे, मंग तव्हयच सांगाले काय व्हयनं व्हतं? तुना तोंडले बी वात व्हयना व्हता का?"

सगळा बाजार हसला. नानाही हसला, पण त्याच्या डोळ्यांत पाणी होतं. आबांनी खांद्यावरचा स्वतःचा रुमाल काढला, नानाच्या हातावर टाकला आणि म्हणाले, "तू नको धरू. मी धरस तुनी बोटं. पटनं ते आंगठा दाब." दलालाने धरायचं ही बापजाद्यांची रीत, आबांनी ती उभ्या उभ्या उलटी केली. खाली काय झालं मला दिसलं नाही. वर नाना म्हणत होता, "यंदा वारा भलता शे." आणि खोंड विकला गेला.

त्या दिवसापासून नानाच्या रुमालाखाली गिऱ्हाइकाने बोटं धरायची, नानाने अंगठा दाबायचा, असं ठरूनच गेलं. नवी पोरं ते बघून शिकली. त्यांना वाटे, नानाची खास पद्धत आहे.

माझ्या दवाखान्यातही रीत पडली. जुनं दुखणं घेऊन आलेल्या प्रत्येकाला मी दोन आकडे विचारू लागलो. कापसाच्या जिनिंगमधले मजूर, मास्तर, एक कीर्तनकारसुद्धा. चारचौघांत 'बरं आहे' म्हणणारी माणसं रुमालाखाली पंजा धरत. बायकांचा हात असा धरणं आमच्याकडे शोभलं नसतं. तिथे अक्का कामाला आली. आतल्या खोलीत पदराखाली ती त्यांचे आकडे घ्यायची आणि मला येऊन सांगायची. एकीकडे हळहळही वाटते. माझ्याकडे रुमाल येण्याआधी कितीजण 'बरं शे' म्हणून औषधाची बाटली घेऊन गेले असतील, आणि मी ते खरं मानलं.

नानाचा आमवात बरा झाला नाही. तो बरा व्हायचा आजार नव्हताच. बोटं वाकडी होत गेली. काही वर्षांनी एका हिवाळ्यात दुखणं पुन्हा जोरात उसळलं. मनगट भोपळ्यासारखं, गुडघाही धरलेला. पेशंटांची रांग होती. नाना काठी टेकत आला, रांग सोडून सरळ टेबलाशी. मी काही विचारायच्या आत त्याने माझा रुमाल उचलला आणि आमच्या हातांवर टाकला.

सांध्यांचे चार. चार धरतानाही त्याचा ओठ दाताखाली गेला. मी मनात म्हणालो, आता मनाचा सगळा पंजा येणार.

त्याने हात सैल केला आणि माझं एकच बोट धरलं. जपून, नीट, दुसरं मध्ये येणार नाही असं.

"डाक्टर," तो म्हणाला, "यंदा दुखनं एकलंच उनं. संगे कोनले आनं नही. औषध दे लवकर, बजार भराले लागना."